पंख का पडतो? खाऱ्या हवेत धातूची विमानं जोडताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टेबलावर खेळायच्या युद्धखेळांबद्दल लिहिलं होतं, त्यात धातूच्या छोट्या विमानांचा विषय चार ओळींत उरकला होता आणि पत्रं आली ती नेमकी त्या चार ओळींवरच. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि जुन्या मालात शिसंसुद्धा, अशा मिश्रधातूची ओतीव विमानं सुट्या भागांत मिळतात, ती घरी जोडायची, रंगवायची आणि स्टँडवर चढवून टेबलावर हवाई लढाई खेळायची. माप १/१४४, १/३०० असं लिहितात, म्हणजे खऱ्या विमानाचा एकशेचव्वेचाळिसावा किंवा तीनशेवा भाग, खालचा आकडा जेवढा मोठा तेवढं विमान लहान. शोकेसमधल्या मॉडेलला सहसा कोणी हात लावत नाही, पण ही विमानं चार जणांच्या हातातून फिरतात, डब्यात खडखडतात, लादीवर पडतात, म्हणून रंगाच्या आधी मजबुती बघायची. बहुतेक पत्रं किनाऱ्यावरचीच आहेत त्यामुळे उत्तरंही इथल्या हवेला धरून देतोय, पुण्याच्या मित्राला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही.

काका, माझ्याकडे १/१४४ चं धातूचं स्पिटफायर आसा. तेचो डावो पंख परत परत सुटता, फेविक्विक कितीय लावलंय तरी दोन दिवसांनी हातात येता. भावाच्या १/३०० च्या विमानांका काय एक होणा नाय. माझ्याच विमानाचा काय चुकता?
– एक वाचक, मालवण

चुकत काही नाही, गणित आहे. १/३०० वरून १/१४४ वर आलं की लांबी जेमतेम दुप्पट होते पण वजन होतं नऊपट, कारण लांबी, रुंदी, जाडी तिन्ही एकदम वाढतात. पंख जिथे चिकटतो ती जागा मात्र सव्वाचार पटीच्या आसपासच वाढते. म्हणजे त्याच गोंदाच्या त्याच थेंबावर दुप्पट ताण आला. त्यात कथील हे प्लास्टिकच्या सातपट जड, त्यामुळे प्लास्टिकच्या किटवर जे चालून जातं ते इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट फेविक्विकची. कुठलाही सुपरग्लू सरळ ओढून बघा, दाद देणार नाही. पण एका कडेने उकलायला लागलात किंवा धक्का बसला की सुटतो, कारण वाळल्यावर तो ठिसूळ असतो. पंखाच्या टोकाला बोट लागलं की सांध्यावर नेमका उकलणारा जोर येतो. आणि जास्त घातला म्हणजे जास्त चिकटतो असंही नाही, जाड थर उलट कच्चा. तुमच्या सांध्यावर आता जुन्या गोंदाचे चार थर असणार, आणि नवा गोंद धातूला न चिकटता जुन्या गोंदालाच चिकटतोय.

तेव्हा आधी साफसफाई. उजवा पंखही तसाच नुसता गोंदावर असेल तर तोही आत्ताच काढून घ्या, तो आज ना उद्या पडणारच आहे. विमान पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन तास ठेवा, थंडीत सुपरग्लू अजून ठिसूळ होतो आणि पंख कट्कन निघून येतो. उरलेला गोंद अॅसिटोनने पुसा, साधा नेलपॉलिश रिमूव्हर चालेल पण बाटलीवर अॅसिटोन लिहिलंय का ते बघून घ्या, हल्ली बिनअॅसिटोनचे पण मिळतात. मग दोन्हीकडचा पृष्ठभाग बारीक कानशीने किंवा खरखरीत पॉलिश पेपरने ओरखडून घ्या, गुळगुळीत धातूवर गोंदाला पकड मिळत नाही.

आता तार, म्हणजे पंख आणि धड यांना आतून जोडून धरणारी. पंखाच्या मुळाशी सगळ्यात जाड जागा शोधायची, स्पिटफायरला ती पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते तिसरा हिस्सा मागे येते. कंपासच्या टोकाने तिथे खळगा पाडायचा म्हणजे ड्रिल घसरत नाही. हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये, ज्याला पिन व्हाइस म्हणतात, ०.८ मिलिमीटरचा बिट लावून हळूहळू भोक पाडायचं. धातू मऊ आहे म्हणून जोर लावावासा वाटतो, पण मऊ धातूच बिटाच्या खाचांत भरून बसतो आणि मग बिट अडकून तुटतो, तेव्हा दोन-तीन फेरे झाले की बाहेर काढा, चुरा झटका, बिटाला मेणबत्तीचं मेण किंवा साबण चोळा आणि परत आत. पंखात ४-५ मिलिमीटर खोल गेलं की पुरे.

बरेच जण पंखात एक तार आणि धडात एक आंधळं भोक असं करतात आणि ती दोन भोकं काही केल्या समोरासमोर येत नाहीत. त्यापेक्षा धडातून भोक आरपार काढा आणि एकच तार या पंखातून त्या पंखात जाऊ द्या. खांद्यावरच्या कावडीसारखं काम होतं, दोन्हीकडचा भार एकमेकांना तोलतो आणि गोंदाच्या वाट्याला फक्त पंख घसरू न देण्याचं काम उरतं. धडावर भोक कुठे पाडायचं ते कळायला पंखाच्या भोकाभोवती ओल्या रंगाचा बारीक ठिपका द्या आणि पंख धडाला जागेवर टेकवून उचला, खूण आपोआप उमटते.

स्पिटफायरचे पंख सपाट नाहीत, ६ अंशांनी वर उचललेले आहेत, तर तार मधोमध तेवढी वाकवून घ्यायची. धडाच्या भोकातून वाकवलेली तार जात नसेल तर भोक किंचित मोठं करा, उरलेली फट अरल्डाइट भरून काढेल. अंश मोजत बसायची गरज नाही, १/१४४ च्या स्पिटफायरची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुंदी ७८ मिलिमीटर येते, म्हणजे पंखाचं टोक मुळापेक्षा साधारण ४ मिलिमीटर उंच हवं. जुनी व्हिजिटिंग कार्डं एकावर एक रचून दोन्ही टोकांखाली ठेवा. गोंद अरल्डाइट, रात्रभर वाळणारं, पाच मिनिटांचं नको, कारण पाच मिनिटांत दोन्ही पंख सरळ आहेत का, शेपटी तिरकी नाही ना, हे बघून होत नाही. सकाळी हात लावा. फट दिसत असेल तर चिमूटभर एम-सील, ओल्या बोटाने गुळगुळीत करून.

तार पितळेचीच घ्या. कागदाची यू-पिन किंवा टाचणी घरात असते म्हणून वापरली जाते, आणि मालवणात समुद्रावरून येणारा वारा तिला वर्ष-दोन वर्षांत गंजवतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि मग रंगाला आतून तपकिरी रेघ पडते. पितळी तार हार्डवेअरवाल्याकडे नसेल तर सोनाराकडे विचारा, हवी त्या जाडीची ओढलेली मिळते.

लेखात तुम्ही प्रत्येक सांध्यात तार घाला असं म्हटलंय. मी कधी तार घातली नाही आणि माझं एकही विमान मोडलेलं नाही. उगाच नवीन पोरांना घाबरवू नका.
– एक वाचक, अलिबाग

तुमची विमानं १/६०० ची असतील असा माझा अंदाज आहे, आणि असतील तर तुमचं शंभर टक्के बरोबर. त्या मापात स्पिटफायर १९ मिलिमीटरचं होतं आणि बहुतेक वेळा एकाच तुकड्यात ओतलेलं येतं, सांधाच नाही तर तार कुठे घालणार. १/३०० मध्येही सलग पंख धडाच्या खाचेत बसणारा असेल तर नुसतं अरल्डाइट भरपूर झालं. तार हवी ती जिथे पंख धडाच्या कुशीला नुसता टेकतो तिथे, आणि पंख जेवढा लांब तेवढी जास्त हवी. 'प्रत्येक' हा शब्द मागे घेतो, बाकी म्हणणं तसंच ठेवतो.

पावसाळ्यात सुपरग्लू लावला की सांध्याच्या आजूबाजूला पांढरं धुकं धरतं, कितीही पुसलं तरी जात नाही. आणि ट्यूब एकदा उघडली की आठवड्यात दगड. उन्हाळ्यात एवढं होत नाही. काय उपाय?
– एक वाचक, रत्नागिरी

सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच वाळतो, उन्हाने किंवा वाऱ्याने नाही. जुलैत रत्नागिरीच्या हवेत ओलावा एवढा असतो की गोंदातून उडालेली वाफ वाटेतच आवळते आणि पांढरी भुकटी होऊन आजूबाजूला बसते. उपाय म्हणजे गोंद कमी घ्यायचा, ट्यूब थेट टेकवायची नाही, सुईच्या टोकावर थेंब घेऊन लावायचा, आणि मंद पंख्याखाली काम करायचं म्हणजे वाफ एका जागी साचत नाही. डाग पडलाच असेल तर घाबरू नका, त्याच्यावरून प्रायमर जातो. रंगवून झालेल्या विमानावर पडला असेल तर वार्निशचा हात मारा, बहुतेक वेळा दिसेनासा होतो.

ट्यूबचं म्हणाल तर तोंड पुसून, टोपण घट्ट लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद बरणीत. न उघडलेल्या ट्यूबा फ्रीजमध्ये छान टिकतात, फक्त बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड ट्यूबवर दव धरतं आणि तेच पाणी आत जातं.

माझं खरं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर सुपरग्लू फक्त बारीकसारीक कामाला, भाग तात्पुरता धरून ठेवायला, आणि वजन पेलायचं सगळं काम अरल्डाइटला. अरल्डाइटवरही दमट हवेत कधीकधी वरून चिकट तेलकट थर येतो, कोमट साबणाच्या पाण्याने धुतला की जातो, तो धुतल्याशिवाय रंग लावू नका. आणि स्प्रे प्रायमर पावसात मारूच नका, पृष्ठभाग खरखरीत किंवा पांढुरका होतो. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, नाहीतर विमानं जोडून ठेवा आणि रंगाचं काम दिवाळीनंतर काढा.

गोव्याला नौदलाच्या विमानांचं म्युझियम बघून आल्यापासून सी हॉकचं वेड लागलंय. १/३०० चं धातूचं मिळालंय, पंख वेगळे आहेत आणि कागदासारखे पातळ. ०.८ चा बिट पंखापेक्षा जाड! विक्रांतच्या डेकवर ठेवायला पंख दुमडलेले करता येतील का तेही सांगा.
– एक वाचक, वेंगुर्ले

बोगमाळ्याचं म्युझियम १९९८ पासून आहे, दाबोळीच्या विमानतळाला लागूनच, आणि वेंगुर्ल्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येण्यासारखं. परत जाल तेव्हा सी हॉकच्या पंखाचं मूळ नीट बघून या, तुमचं उत्तर तिथेच आहे. या विमानाचं इंजिन धडात मधोमध असतं पण हवा आत घ्यायची तोंडं दोन्ही पंखांच्या मुळाशी पुढच्या कडेला, आणि धूर बाहेर टाकायची नळी दोन फाट्यांत विभागून परत पंखांच्या मुळाशीच मागे. त्यामुळे टोकाकडे पंख कितीही पातळ असला तरी मुळाशी तो गुबगुबीत आहे, आणि ओतकाम बरं असेल तर तुमच्या मॉडेलमध्येही तो तसाच असणार. पुढचं तोंड आणि मागची नळी यांच्या मध्ये ०.४ किंवा ०.५ चा बिट आरामात बसतो. पूर्ण विमानाची रुंदी ४० मिलिमीटरच्या आसपास येते, एवढ्याशा वजनाला ०.४ ची पितळी तार भरपूर झाली.

मुळाशीसुद्धा जागा नसेल, म्हणजे दुसऱ्या कुठल्या पातळ पंखाच्या विमानाला, तर भोक पाडायचा नाद सोडा. विमान उलटं करून पंखाच्या खालच्या बाजूला आणि धडाच्या पोटावर मिळून एक उथळ खाच कानशीच्या कडेने कोरा, तार त्यात आडवी झोपवा, अरल्डाइट भरा, वाळल्यावर कानस मारून सपाट करा. रंग दिला की खालून बघणाऱ्यालाही कळत नाही, आणि टेबलावरच्या विमानाला खालून कोण बघतंय.

दुमडलेले पंख करता येतात, खऱ्या सी हॉकचे दुमडायचेच, नाहीतर बोटीच्या लिफ्टमध्ये आणि हँगरमध्ये जागा पुरायची नाही. पण खेळायच्या विमानाला ते करू नका. पंख मध्येच कापून उभा चिकटवला की सगळं वजन एका पातळ कडेवर येतं आणि पहिल्या खेळात हातात तुकडा येतो. डेकवर मांडायला एक वेगळं विमान दुमडून ठेवा, त्याला कोणी हात लावायचा नाही. उडणारी सगळी पंख पसरून. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरून निघून पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर गेलेली सी हॉक टेबलावर आणायची असतील तर ती हवेतच पाहिजेत ना.

इंद्रलाल रॉय यांचं एस.ई.५ए करतोय, १/१४४, धातूचं. खालचा पंख बसला, पण वरचा पंख चार काठ्यांवर काही केल्या सरळ राहत नाही, एक काठी लावली की दुसरी पडते. आणि मधल्या तारा कशाच्या करू?
– एक वाचक, चिपळूण

विषय छान निवडलात. रॉय पहिल्या महायुद्धातले वैमानिक, १९ वर्षांचे होते, ब्रिटिश हवाई दलाच्या ४० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये, जुलै १९१८ मध्ये पंधरवड्याच्या आत शत्रूची १० विमानं त्यांच्या नावावर लागली आणि २२ जुलैला ते स्वतः पडले. आपल्याकडे त्यांचं विमान करणारा माणूस विरळाच.

दोन पंखांच्या विमानाला एक युक्ती आहे, उलटं बांधायचं. वरचा पंख टेबलावर पाठीवर झोपवा, जाड पुठ्ठ्यात किंवा थर्माकोलमध्ये त्याच्या आकाराची खाच कापून त्यात बसवला तर हलणार नाही. काठ्या त्याच्या भोकांत उभ्या करा, आणि धड खालच्या पंखासकट उलटं वरून खाली आणा. आता गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने आहे, जड धड काठ्यांवर बसतं. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या काड्यापेट्या किंवा लाकडाचे ठोकळे लावून पंखांमधलं अंतर पक्कं करा, मगच अरल्डाइट. आधी एकदा बिनगोंदाचं सगळं जुळवून बघायचं हे सांगायला नकोच.

किटमधल्या धातूच्या काठ्या मऊ असतात, वाकतात, सरळ केल्या की परत वाकतात आणि तिसऱ्यांदा तुटतात. मी असतो तर त्या टाकून दिल्या असत्या आणि ०.५ ची पितळी तार जराशी ठोकून चपटी करून लावली असती. पंखांना आरपार भोकं पाडून तार थोडी वर काढायची, वाळल्यावर कापून कानस मारायची. अशा पिंजऱ्याला धरून विमान उचललं तरी काही होत नाही, आणि लोक उचलतातच तसं, कितीही सांगा.

मधल्या तारांसाठी चिपळूणहून लांब जायला नको, मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडून सगळ्यात बारीक तंगूस आणा, ०.१ मिलिमीटरचा. पंखांना ०.३ च्या बिटने भोकं, तंगूस एका टोकाला सुपरग्लूने चिकटवा, दुसऱ्या भोकातून ओवून जमेल तेवढा ताणून चिकटवा. थोडा सैल राहणारच. मग पेटती उदबत्ती त्याच्या जवळ न्या, दोन-तीन मिलिमीटर लांबच, टेकवू नका, तंगूस आकसतो आणि तार टणक होते. जास्त जवळ नेलीत तर वितळून तुटेल, आधी फालतू तुकड्यावर हात बसवा. एवढा बारीक तंगूससुद्धा प्रमाणाच्या मानाने जाडच आहे पण टेबलापलीकडून बरोबर दिसतो. आणि खऱ्या विमानाला असलेल्या सगळ्या तारा लावत बसू नका, बाहेरच्या काठ्यांमधला फुलीचा जोड आणि शेपटीच्या दोन, बस्स.

विमानाचे भाग आले ते तेलकट आणि काळपट आहेत. आई म्हणते तांब्या-पितळेसारखं कोकमाच्या आगळाने घास, लख्ख होईल. चालेल का?
– एक वाचक, देवगड

आईला सांगा तांब्यासाठी उत्तम, याला नको. चिंच, आगळ, लिंबू, व्हिनेगर, कुठलंही आंबट शिसं असलेल्या धातूला लावू नये, आज चकाकेल आणि नंतर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसेल. तेलकटपणा साच्यातला असतो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश, भरपूर धुवून पूर्ण कोरडं. काळपटपणा राहू दे, त्यावर प्रायमर बसणारच आहे.

माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. गोंदाच्या भानगडीत न पडता सरळ सोल्डर का करू नये?
– एक वाचक, खेड

करू शकता, आणि नीट जमलं तर त्याच्याइतका सांधा दुसरा नाही. पण तुमची नेहमीची सोल्डरिंगची इस्त्री ३०० अंशांच्या पुढे असते आणि हा धातू दोनशे-अडीचशेच्या घरातच पाणी होतो, म्हणजे सोल्डरच्या आधी पंखच वितळेल. त्यासाठी ७० अंशांना वितळणारं खास सोल्डर आणि तापमान कमी करता येणारी इस्त्री लागते, फ्लक्सही वेगळा, आणि तो आम्लाचा असतो म्हणून काम झाल्यावर खळखळून धुवायचा. एवढी तयारी असेल तर जरूर. एकच विमान करायचं असेल तर अरल्डाइट स्वस्त पडतं.

मामांकडून जुनी विमानं मिळाली, त्यांच्या तरुणपणची, इंग्लंडहून आणलेली. काचेच्या नवीन शोकेसमध्ये ठेवली. सहा महिन्यांत पंखांच्या खाली राखाडी-पांढरी पूड यायला लागली, रंग फुगून निघतोय. खाऱ्या हवेमुळे का?
– एक वाचक, दापोली

हवेचा हात आहे पण मुख्य आरोपी शोकेस. जुन्या मॉडेलांत शिसं बऱ्यापैकी असायचं, आणि शिशाला आंबट वाफ लागली की आधी ते खाल्लं जातं आणि मग हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड मिळून त्याची पांढरी पूड होते. ही वाफ येते कुठून, तर नवीन प्लायवूड, एमडीएफ, ताजं लाकूड, काही पुठ्ठे, आणि काचा चिकटवायला वापरतात ते सिलिकॉन. सिलिकॉन लावल्यावर व्हिनेगरचा वास आला होता का आठवून बघा. तो वास म्हणजेच अॅसेटिक आम्ल. बंद शोकेसमध्ये ते साचून राहतं, वर दापोलीचा दमटपणा, मग पूड येणारच.

विमानं आजच बाहेर काढा. पूड कोरडी झटकू नका आणि फुंकू तर अजिबात नका, ते शिसं आहे, श्वासातून जायला नको. हातमोजे घालून पाण्याखाली मऊ ब्रशने काढा, ते पाणी आणि ब्रश स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. चांगलं वाळवा, पंख्याखाली दिवसभर. धातू खड्ड्याखड्ड्यांचा झाला असेल तर तसाच राहणार, तो भरून येत नाही, हवं तर एम-सीलने बुजवा. मग प्रायमर, रंग, वार्निश सगळीकडून, खालूनसुद्धा, कारण बहुतेक जुनी मॉडेलं खालून उघडीच सोडलेली असतात आणि पूड तिथूनच सुरू होते.

ठेवायला साधे प्लास्टिकचे डबे, जेवणाचे असतात तसे पॉलिप्रॉपिलीनचे, सिलिका जेलची पुडी टाकून. शोकेस हवीच असेल तर लाकूडकाम सगळीकडून पॉलिश करून, दारं सताड उघडी ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच भरायची, आणि नंतरही अधूनमधून उघडून हवा खेळू द्यायची. गच्च बंद असणं इथे गुण नाही. थंडीत कथिलाचीच पूड होते असंही कोणीतरी सांगेल, ते खरं आहे पण त्याला तापमान १३ अंशांच्या खाली बराच काळ लागतं, दापोलीत पहाटे एखाद्या दिवशी उतरलं तरी घरातल्या डब्यात त्याचा काही संबंध नाही.

स्टँडवर विमान शेपूट खाली करून कलंडतं. खऱ्या विमानाचा तोल जिथे असतो तिथेच भोक पाडलंय.
– एक वाचक, गुहागर

खऱ्या विमानात नाकात इंजिन आणि मागे पोकळ शेपूट, तुमचं मॉडेल डोक्यापासून शेपटीपर्यंत भरीव, मग दोघांचा तोल एका जागी कसा येईल. सगळं जोडून झाल्यावर विमान पट्टीच्या कडेवर आडवं ठेवून तोलून बघा, जिथे थांबतं तिथे खूण, तिथे भोक. रंगाच्या आधी.

बैठकीला वजन द्या, खालून मोठं वायसर चिकटवलं तरी काम होतं. उंची कमी-जास्त करायला जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल झकास, वर खेडचं पत्र आहे तसे दुरुस्तीवाले भंगारातून काढून देतात. विमान कलतं करायचं असेल तर पोटात छोटं निओडिमियम चुंबक बसवा आणि एरियलच्या टोकाला सायकलचा छर्रा, विमान हव्या त्या कोनात राहतं आणि खेळ संपला की उचलून डब्यात. फक्त चुंबकाचा वरचा मुलामा उडाला की इथल्या हवेत ते लोखंडापेक्षा लवकर कुजतं, म्हणून बसवल्यावर त्याच्यावर वार्निशचे दोन हात द्या, आणि घरात लहान मूल असेल तर चुंबक नकोच, गिळलं तर आतड्याला भोक पडू शकतं.

मुलगी आठ वर्षांची आहे, तिला माझ्याबरोबर विमानं जोडायची आहेत. कानस तिच्या हातात देऊ का?
– एक वाचक, सावंतवाडी

धातूच्या विमानावर नको. नवीन माल बिनशिशाचा असतो पण कुठला कसा ते बघून कळत नाही, आणि कानशीचा चुरा नखात जातो, नखातून तोंडात. तिला प्लास्टिकचं किट द्या, किंवा तुमच्याच गावातल्या लाकडी खेळणीवाल्यांकडून दांड्या आणि चकत्या कातून घ्या आणि स्टँड तिच्याकडून रंगवून घ्या. तुम्ही स्वतः कानस मारताना भाग ओला ठेवा, खाली ओलं फडकं, आणि चहाचा कप त्या टेबलावर आणू नका.

एवढे बारीक ड्रिल बिट मिळतात कुठे? आमच्या इथे २ मिलिमीटरच्या खाली काही नाही.
– एक वाचक, कुडाळ

सर्किट बोर्डाला भोकं पाडायचे बिट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ०.५ पासून मिळतात, ऑनलाइन ०.३ पासून. घेताना हायस्पीड स्टीलचे मागा. कार्बाइडचे दिसायला छान आणि धारही जबरदस्त, पण ते मशीनसाठी, हातात जरासे तिरके झाले की टक्कन तुटतात आणि तुटलेला तुकडा पंखात अडकला की बाहेर निघत नाही, बाजूला नवीन भोक पाडावं लागतं.